बूर्नोनाइटची दातेरी चाकं: चांगला नमुना निवडणं, काढणं आणि सांभाळणं

बूर्नोनाइट या खनिजाच्या नमुन्यात मोल दोनच गोष्टींना असतं: दातेरी चाकासारख्या स्फटिकाची कड आणि पृष्ठावरची चमक. दोन्ही एकदा गेल्या की कोणत्याही युक्तीने परत येत नाहीत. त्यामुळे खाली सांगितलेल्या कामांतला मोठा भाग काय करू नये याचाच आहे.

शिसे, तांबे आणि अँटिमनी यांचा एकेक अणू आणि गंधकाचे तीन, अशी या खनिजाची घडण. वजनाने पाहिलं तर सुमारे ४२ टक्के शिसे, २५ टक्के अँटिमनी, २० टक्के गंधक आणि १३ टक्के तांबे. रंग पोलादी करडा ते काळसर, काठिण्य (मोह्सच्या १ ते १० मापनावर) २.५ ते ३, विशिष्ट गुरुत्व (म्हणजे पाण्याच्या किती पट जड) ५.८ च्या आसपास. दुर्मिळ म्हणतात ते थोडं समजून घ्यायला हवं. शिशाच्या आणि तांब्याच्या शिरांमध्ये याचे बारीक कण बऱ्याच ठिकाणी सापडतात. डोळ्यांनी पाहून थबकावं असा स्फटिक मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या खाणींनीच दिला आहे.

एकटा स्फटिक आखूड खांबासारखा किंवा जाड पाटीसारखा असतो. पण बूर्नोनाइट एकटा क्वचितच वाढतो. त्याच्या खांबाच्या दोन बाजूंमधला कोन सुमारे ९४ अंशांचा, म्हणजे काटकोनाच्या जवळ पण काटकोन नव्हे. जुळे स्फटिक याच बाजूंवर एकमेकांना चिकटतात. एकाला दुसरा, दुसऱ्याला तिसरा असे फिरत गेले की मधोमध जाड गड्डा, कडेला दाते आणि प्रत्येक दोन दात्यांमध्ये आत गेलेली खाच असं चाक तयार होतं. जर्मन खाणकामगार याला ‘रेडेलएर्त्स’ म्हणायचे, म्हणजे चाकाचं धातुक. ही खाच नीट ओळखता आली पाहिजे, कारण पुढे खरा दाता आणि तुटलेला दाता यांतला फरक तिच्यावरूनच कळतो.

ओळख पटवताना

बाजारात आणि खाणीच्या ढिगाऱ्यावर बूर्नोनाइट म्हणून तीन खनिजं पुढे केली जातात. गॅलिना जड असतो (७.५ च्या आसपास) आणि तुटला की चौकोनी, आरशासारख्या पायऱ्या दिसतात. बूर्नोनाइटला इतकं स्वच्छ पाटन (ठरावीक सपाट पातळीवर फुटणं) नाही, तो ओबडधोबड किंवा शिंपल्यासारखा फुटतो. टेट्राहेड्राइट हलका (५ च्या आत), थोडा अधिक कठीण आणि त्याची पृष्ठं त्रिकोणी. स्टिब्नाइट लांब पात्यांचा, मऊ आणि ४.६ गुरुत्वाचा.

कस, म्हणजे घासल्यावर उरणाऱ्या भुकटीचा रंग, पाहायचा मोह आवरा. न झिलईच्या फरशीवर घासल्यावर बूर्नोनाइटचा कस गडद करडा ते काळा येतो, आणि वरच्या बहुतेक भावंडांचाही साधारण तसाच. म्हणजे चांगल्या पृष्ठावर ओरखडा पडतो आणि माहिती काहीच मिळत नाही. सुटा स्फटिक असेल तर वजनाची पद्धत कितीतरी चांगली, आणि ती स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावरही जमते, फक्त काटा ०.१ ग्रॅम किंवा त्याहून बारीक दाखवणारा हवा.

स्फटिक कोरडा तोला. समजा २३.२ ग्रॅम भरला. आता काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. स्फटिक बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा हातात लोंबता धरा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर त्या स्फटिकाचं आकारमान. ४.० दिसले तर २३.२ भागिले ४.० म्हणजे ५.८, बूर्नोनाइट. तेवढ्याच वजनाच्या गॅलिनाला साधारण ३.१ दिसले असते, टेट्राहेड्राइटला ४.७ च्या आसपास. खाचांमध्ये हवेचे बुडबुडे अडकले तर आकारमान जास्त येतं आणि गुरुत्व खोटंच कमी दिसतं. म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाका आणि दोरा हलकेच हलवून बुडबुडे सुटू द्या. नमुन्याला खडक चिकटलेला असेल तर या पद्धतीचा उपयोग नाही.

एक जुळी बहीण मात्र वजनानेही वेगळी काढणं अवघड. अँटिमनीच्या जागी आर्सेनिक असलेलं सेलिग्मनाइट हे खनिज दिसायला अगदी सारखं असतं. स्वित्झर्लंडमधल्या बिन खोऱ्यातल्या लेंगेनबाख खाणीचा नमुना असेल तर मूलद्रव्यांची तपासणी केल्याशिवाय लेबल लिहू नका.

कुठले नमुने, आणि त्यांच्यात काय पाहायचं

या खनिजाची नोंद इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलमधून झाली. १७९७ मध्ये फिलिप रॅशली यांनी अँटिमनीचं धातुक म्हणून त्याचा उल्लेख केला, १८०४ मध्ये जॅक लुई द बूर्नों यांनी सविस्तर वर्णन केलं आणि १८०५ मध्ये रॉबर्ट जेम्सन यांनी त्यांचंच नाव दिलं. मूळ ठिकाण सेंट एंडेलिअन परगण्यातली व्हील बॉइज खाण. त्यामुळे फार जुन्या लेबलावर ‘एंडेलिओनाइट’ दिसलं तर ते वेगळं खनिज समजू नका.

कॉर्नवॉलमधल्याच लिस्कर्डजवळच्या हेरड्सफुट खाणीने १९व्या शतकात दिलेली चाकं अजून मापदंड मानली जातात. त्यांतली बरीचशी आज संग्रहालयांत आणि जुन्या संग्रहांत आहेत. ती बाहेर येतात ती कुणाचा संग्रह मोडला की. हेरड्सफुटच्या नमुन्यात सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे जुनं लेबल. लेबलावरचं माप, सोबतची खनिजं आणि समोरचा नमुना जुळतात का ते पाहा. नुसतं जुनं लेबल नव्या नमुन्याखाली सरकवायला काहीच लागत नाही.

अलीकडच्या काळात सर्वांत जास्त देखणे नमुने चीनच्या हूनान प्रांतातल्या याओगांगशियान खाणीतून आले. ही मुळात टंगस्टनची खाण, पण तिथल्या गारगोटीच्या पोकळ्यांत बूर्नोनाइटची झगझगीत, धारदार चाकं मिळाली. पहिला मोठा नमुना घ्यायचा असेल तर इथला घ्यावा, पण चिकटवलेल्या जोडांकडे सर्वांत जास्त लक्ष इथेच द्यावं. रुमानियातल्या काव्निकची चाकं लहान, पण अनेकदा गारगोटीवर सुंदर विखुरलेली. जर्मनीत हार्त्स पर्वतातलं नॉयडॉर्फ आणि होर्हाउझेनजवळची गेओर्ग खाण ही जुनी नावं. गेओर्ग १९६५ मध्ये बंद झाली आणि तिथले स्फटिक बहुधा सिडेराइटवर (लोखंडाच्या कार्बोनेटवर) बसलेले असतात. पेरूमधल्या किरुविल्का आणि कासापाल्का खाणींतले नमुनेही बाजारात दिसतात.

स्वतः काढायचा असेल तर

जमीनमालकाची आणि खाणमालकाची लेखी परवानगी आधी, हातोडा नंतर. जुन्या खाणींचे कचऱ्याचे ढिगारे अनेक ठिकाणी संरक्षित असतात, आणि तिथून खडक उचलणं हा गुन्हा ठरू शकतो. सोडलेल्या बोगद्यांत शिरू नका. सपाट वाटणारी जमीन म्हणजे कुजलेल्या फळ्यांवर साचलेला गाळ असू शकते आणि खाली विहीर.

ढिगाऱ्यावर गारगोटीचे असे तुकडे शोधा ज्यांत पोकळी आहे आणि पोकळीच्या कडेला करड्या धातूची चमक आहे. बूर्नोनाइटची नुसती भरीव पट्टी कितीही जाड असली तरी तिच्यातून स्फटिक मिळत नाही. स्फटिकाला वाढायला मोकळी जागा लागते.

पोकळी सापडली की थांबा. बहुतेक नमुने याच क्षणी, उत्साहात बसलेल्या पुढच्या दोन घावांत बाद होतात. १ ते १.५ किलोचा हातोडा आणि दोन-तीन सपाट छिन्न्या पुरतात. पोकळीच्या काठापासून १० ते १५ सेंटिमीटर दूर छिन्नीची रेघ आखा आणि छिन्नीचं टोक पोकळीच्या उलट दिशेला कलतं ठेवा. एकाच ठिकाणी जोरात मारण्याऐवजी रेघेवर पुढे-मागे फिरत हलके घाव घाला. खडक तुटतो तेव्हा धक्का आत जातोच, म्हणून आधी पोकळीत ओला टिश्यू कागद सैलसर भरा, म्हणजे सुटलेला स्फटिक समोरच्या भिंतीवर आपटत नाही.

तळाशी माती असेल तर ती टाकू नका. भिंतीवरून सुटून पडलेली चाकं तिथेच पडून असतात, आणि चिखलात रुतून राहिल्यामुळे त्यांच्या कडा कधीकधी भिंतीवरच्यांपेक्षा शाबूत असतात. ही माती हाताने चाळू नका. पिशवीत भरून घरी न्या, २ मिलिमीटरच्या चाळणीत ठेवून पाण्याच्या मंद धारेखाली विरघळू द्या. वाटेत माती सुकू देऊ नका, वाळलेला चिखल खाचांमध्ये घट्ट बसतो. पण आठवडाभर ओलंही ठेवू नका. एक-दोन दिवसांत धुऊन टाकलेलं बरं, नाहीतर चमक मंदावते.

बांधताना कापूस वापरू नका. त्याचे धागे दात्यांच्या खाचांत अडकतात आणि ते ओढून काढताना दाता जातो. खडकाचा भाग टिश्यू कागदाच्या गुंडाळ्यांनी डब्यात घट्ट बसवा आणि स्फटिकांच्या बाजूला हवा सोडा. स्फटिकाला काहीच टेकत नसेल तर त्याला इजाही होत नाही.

विकत घेताना

दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील विजेरी दिवा बरोबर असू द्या. नमुना हातात घेण्याआधी तो कुठे धरायचा ते विक्रेत्याला विचारा. उत्तर देण्यात तो घोटाळला तर तिथेच कुठेतरी जोड आहे असं समजायला हरकत नाही.

भिंगाखाली चाकाच्या कडेवरून सावकाश फिरा, दाता, खाच, दाता, खाच. ठेच लागलेल्या जागी काळसर पृष्ठावर फिकट करडा ठिपका दिसतो आणि त्यात शिंपल्यासारखी वळणं असतात. ती ताजी तूट. दाता अर्धवट, पण तुटीवर बारीक बारीक चकचकीत पृष्ठं उगवलेली असतील तर तो खाणीतच, स्फटिक वाढत असताना तुटला आणि पुन्हा भरून आला. याला दोष मानायचं की नाही हा चवीचा प्रश्न. आमच्या मते मानू नये. तिसरा प्रकार म्हणजे स्पर्शाची जागा. शेजारच्या गारगोटीला टेकून वाढल्यामुळे तिथे पृष्ठ सपाट, मंद आणि शेजाऱ्याचा ठसा उमटलेलं असतं. मागच्या बाजूला असेल तर बिघडत नाही.

मग चाक आणि खडक जिथे भेटतात ती रेषा पाहा. नैसर्गिक नमुन्यात गारगोटी आणि बूर्नोनाइट एकमेकांत शिरलेले असतात, कुठे गारगोटीचं टोक चाकाच्या पोटात गेलेलं, कुठे चाकाची कड गारगोटीच्या आत. सगळीकडून सारखी, बारीक, भरल्यासारखी रेषा किंवा तिच्यावर वाळूसारखी भुकटी चिकटलेली दिसली तर दिवा मारा. बरेच इपॉक्सी गोंद अतिनील प्रकाशात निळसर पांढरे चमकतात. सगळेच चमकत नाहीत, म्हणून काही दिसलं नाही याचा अर्थ जोड नाही असा होत नाही. मधोमध तुटलेलं चाक पुन्हा जोडलं असेल तर पृष्ठावरच्या बारीक समांतर रेघा भेगेपाशी किंचित सरकलेल्या दिसतात.

दुरुस्ती ही फसवणूक नव्हे. खाणीतून सुटून आलेला स्फटिक त्याच्या मूळ जागी बसवला आणि तसं लेबलावर लिहिलं, तर तो प्रामाणिक नमुना आहे. दुसऱ्याच खडकावर बसवला तर ती बनावट, मग कितीही सुंदर दिसो.

चमकेचीही खात्री करा. तेल किंवा मेण लावून मंद पृष्ठ उजळवता येतं. मागच्या बाजूला, विक्रेत्याच्या परवानगीने, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा टेकवा. बोळ्यावर चिकट डाग आला किंवा ती जागा वाळल्यावर एकदम निस्तेज झाली तर उत्तर मिळालं. घासून चकाकी आणलेल्या पृष्ठावर मूळच्या रेघा पुसलेल्या असतात आणि धारा किंचित गोल झालेल्या.

साफसफाई

इथे सर्वांत जास्त नमुने वाया जातात. माती लागलेल्या नमुन्यावर सरळ ब्रश फिरवणं ही नेहमीची चूक. ब्रश कितीही मऊ असला तरी मातीत गारगोटीचे कण असतात, त्यांचं काठिण्य ७. आपण ब्रश फिरवतो असं वाटतं, प्रत्यक्षात काठिण्य ३ च्या पृष्ठावर वाळूचा कागद फिरत असतो. रेघा लगेच दिसत नाहीत. नमुना वाळल्यावर, तिरक्या प्रकाशात, पृष्ठावर धुक्यासारखा पडदा दिसतो आणि तो कायमचा.

म्हणून आधी भिजवा. उर्ध्वपातित पाण्यात भांडी घासायच्या सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब टाकून २४ तास ठेवा. मग रबरी फुग्याच्या पिचकारीने पाण्याची हलकी धार मारा आणि सैल झालेली माती जाऊ द्या. पाणी बदलून पुन्हा भिजवा. तीन-चार वेळा केल्यावर पाणी स्वच्छ राहिलं तरच रंगकामाचा मऊ ब्रश घ्या, तोही पाण्याखाली आणि दाबाशिवाय. खाचेत अडकलेला शेवटचा कण लाकडी दात-कोरणीच्या ओल्या टोकाने, भिंगाखाली काढा. स्टीलची सुई नको. पाण्याच्या दाबाची सफाई बंदूक मागच्या खडकावर चालेल, चाकाच्या दिशेने कधीच नाही. अल्ट्रासॉनिक यंत्र तर लांबच ठेवा. आतली न दिसणारी भेग त्या थरथरीने उघडते आणि भांड्याच्या तळाशी दाते मिळतात.

आम्लांबद्दल थोडक्यात: नको. नायट्रिक आम्लात बूर्नोनाइट विघटित होतो, द्रावण निळसर होतं आणि पांढरी भुकटी उरते. हायड्रोक्लोरिक आम्लाने शिशाच्या क्लोराइडचा पांढरा थर बसू शकतो. लोखंडी डागांसाठी गारगोटीवर वापरतात ते ऑक्सॅलिक आम्लही शिशाबरोबर न विरघळणारा पांढरा साका देतं. ब्लीच पृष्ठ गंजवतं. कॅल्साइटचा थर काढायलाच हवा असं वाटत असेल तर तो यांत्रिक पद्धतीने, थोडा थोडा काढा, किंवा राहू द्या. थोडासा कॅल्साइट आंधळ्या झालेल्या चाकापेक्षा पुष्कळ बरा दिसतो.

गारगोटीवर तांबूस गंज फारच असेल तर सोडियम डायथायोनाइटचं द्रावण हा शेवटचा पर्याय. एक लिटर उर्ध्वपातित पाण्यात ७१ ग्रॅम सोडियम सायट्रेट आणि ८.५ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवा, वापरायच्या क्षणी २० ग्रॅम सोडियम डायथायोनाइट घाला. डबा काठोकाठ भरा, म्हणजे वर हवा राहत नाही, आणि झाकण नुसतं टेकवा, घट्ट फिरवू नका. काम उघड्यावर किंवा खेळत्या हवेत करा, वास उग्र येतो. हे द्रावण जुनं होत गेलं की त्यातून सल्फाइड सुटू शकतं आणि शिसे-तांब्याचं पृष्ठ काळवंडू शकतं. म्हणून त्याच ठिकाणच्या तुटक्या तुकड्यावर आधी एक-दोन तास करून पाहा. तुकडा तसाच चमकदार राहिला तरच नमुना बुडवा, तोही थोडाच वेळ. नंतर शुद्ध पाणी दिवसातून दोनदा बदलत दोन दिवस ठेवा.

वाळवताना शेवटची धुणी आयसोप्रोपिल अल्कोहोलची द्या, म्हणजे खाचांतलं पाणी निघून जातं आणि क्षारांचे डाग पडत नाहीत. मग पंख्याची साधी हवा. ऊन किंवा गरम हवा नको.

खडक कमी करणं

मोठ्या दगडावर कोपऱ्यात बसलेलं चाक छान दिसत नाही हे खरं, पण हातोड्याने तोडण्यापेक्षा तसंच ठेवलेलं परवडलं. काम करायचंच तर दोन धारदार पाती समोरासमोर आवळणारं स्क्रूचं किंवा हायड्रॉलिक यंत्र वापरा. पाती खडकाच्या सर्वांत अरुंद जागी, चाकापासून जितकी दूर ठेवता येतील तितकी ठेवा. आधी करवतीने चहूबाजूंनी ३ ते ४ मिलिमीटर खोल खाच पाडली तर तूट आपल्या रेषेवर येते. दाब हळूहळू वाढवा, प्रत्येक पाव फेऱ्यानंतर थांबा. खडक बऱ्याचदा थांबलेल्या क्षणीच फुटतो. करवत पाण्याखालीच चालवा. सुकी धूळ म्हणजे शिसे आणि अँटिमनी श्वासात. काम झाल्यावर हात धुवा आणि ते पाणी बागेत ओतू नका.

ठेवणं आणि लेबल

खोलीतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत ठेवा. बूर्नोनाइट स्वतः बऱ्यापैकी टिकाऊ, पण सोबत पायराइट किंवा मार्कासाइट (दोन्ही लोह आणि गंधकाची खनिजं) असेल तर दमट हवेत त्यातून गंधकाम्ल तयार होतं आणि पांढरी-पिवळी भुकटी पसरते. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. नारिंगी दाण्यांचा रंग हिरवा झाला की ती सुकवून घ्या. ओक लाकडाचे खण टाळा, त्यातून निघणारी सेंद्रिय आम्लं शिशाच्या खनिजांना बाधतात. धूळ उडवायला कॅमेऱ्याचा रबरी फुगा वापरा, दाबाच्या हवेचा डबा नको. बोट तर पृष्ठावर कधीच टेकवू नका. घामाचा ठसा काही महिन्यांनी गडद होऊन उठतो. धरायचं ते खडकाला, आणि खडकच नसेल तर सुती हातमोज्याने नव्हे, नायट्राइलच्या मोज्याने, कारण सुताचे धागे खाचेत अडकतात.

लेबलावर खनिजाचं नाव, खाण, जिल्हा, देश, सोबतची खनिजं, मिलिमीटरमध्ये माप, कुणाकडून आणि कधी मिळालं, कुठे दुरुस्ती आहे, हे सगळं येऊ द्या. ‘चीन’ एवढंच लिहिलेला नमुना निम्मा गेला म्हणायचा. जुनी लेबलं कितीही फाटकी असोत, टाकू नका. आपलं नवं त्यांच्यासोबत ठेवा. नमुन्याला क्रमांक द्यायचा तर मागच्या खडकावर पॅरालॉइड बी-७२ या अ‍ॅक्रिलिक राळेचं अ‍ॅसिटोनमधलं १५ ते २० टक्के द्रावण बोटाच्या नखाएवढं लावा, वाळल्यावर त्यावर कायमच्या काळ्या शाईने आकडा लिहा आणि शाई पूर्ण सुकल्यावर वरून दुसरा पातळ थर. पुढे कधी तो काढावासा वाटला तर अ‍ॅसिटोनच्या बोळ्याने पुसला जातो, फक्त आधी चिकटवलेला जोड जवळ नाही ना ते पाहा, कारण सुपरग्लूही त्याच अ‍ॅसिटोनने सुटतो.